न्यूयॉर्कची वूलवर्थ बिल्डिंग आधी चर्च होती का? नसेल तर तिच्यावर एवढं गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या चर्चसारखं, नक्षीकाम कशासाठी?

चर्च ती कधीच नव्हती. पहिल्या दिवसापासून भाड्याने द्यायची ऑफिसं. गंमत म्हणजे तिला 'व्यापाराचं कॅथेड्रल' (कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च) म्हटलं ते मात्र एका पाद्र्याने, एस. पार्क्स कॅडमन यांनी. बहुतेकांचा घोळ तिथेच होत असावा.

फ्रँक वूलवर्थची पाच आणि दहा सेंटांत वस्तू विकणारी दुकानं होती. त्या चिल्लरीतून जमलेल्या पैशावर त्याने ब्रॉडवेवर ही 792 फुटांची इमारत उभी केली. खर्च 1 कोटी 35 लाख डॉलर, तोही रोख! 700 फुटी मेट्रोपॉलिटन लाइफ टॉवरला मागे टाकायचंच, हा त्याचा हट्ट. 24 एप्रिल 1913 ला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये बटण दाबलं आणि इकडे 80,000 दिवे लागले. 1930 पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत हीच होती.

आता गॉथिक का? ग्रीक-रोमन शैलीच्या आडव्या पट्ट्यांवर नजर अडते. गॉथिकच्या उभ्या रेघा तिला थेट शेंड्यापर्यंत नेतात. एवढ्या उंच इमारतीला वास्तुकार कॅस गिल्बर्टने तेच रूप दिलं, आणि माझ्या मते बरोबर दिलं. फरक एवढाच की जुन्या कॅथेड्रलमध्ये टोकदार कमानी खरोखर भार पेलतात, इथल्या फक्त दिसायला आहेत. भार सगळा पोलादी सांगाड्यावर, आणि त्याचा पाया शंभरेक फूट खाली खडकात. बाहेरून दगड वाटतो ते आहे टेराकोटा, म्हणजे भाजलेल्या मातीचे ग्लेझ केलेले तुकडे, सांगाड्याला अडकवलेले. रंग मलईसारखा, पण नक्षीच्या खोबणीत निळा, हिरवा, पिवळा भरलाय. नाहीतर खाली रस्त्यावरून ती नक्षी कुणाला दिसली असती?

या कातडीचा त्रासही झाला. फटींतून पाणी शिरलं, आतलं लोखंड गंजलं, तुकडे तडकले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस हजारो तुकडे काढून त्या जागी काँक्रीटचे बसवावे लागले.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती लॉबी. वर रंगीत काचांच्या मोझेइकचं छत, आणि सज्जाखाली, जिथे चर्चमध्ये संत किंवा राक्षस दिसतील, तिथे याच कामातली माणसं कोरलीत. गिल्बर्ट इमारतीची प्रतिकृती कवटाळून बसलाय, इंजिनिअर गनवाल्ड ऑस तुळई मोजतोय. आणि गुडघे पोटाशी घेऊन, एकेक नाणं मोजत बसलेला वूलवर्थ.