‘नंतर सांगते’ हे उत्तर नव्हे

पत्र: मी देवगड तालुक्यात राहते. माझी २४ वर्षांची मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे. ती अडीच वर्षांची होईपर्यंत ‘उशिरा बोलेल’ म्हणून आम्ही थांबलो. पुढे श्रवणयंत्र, निवासी शाळा, संगणकाचा कोर्स, सगळे केले. आता ती आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात नोंदींचे काम करते. तिने कोल्हापूरच्या एका कर्णबधिर मुलाशी लग्न ठरवले आणि ते आम्हांला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळले. एरवी जेवतानासुद्धा ‘काय म्हणाले?’ असे ती मलाच विचारत असते, मीही ‘नंतर सांगते’ म्हणून तिची समजूत काढते. अशा मुलीने एवढी गोष्ट लपवावी? शिवाय उद्या मुलेही बहिरी झाली तर? ऐकणाऱ्या मुलाचे स्थळ तिच्या गळी कसे उतरवावे?

उत्तर: ताई, स्थळाचे नंतर पाहू. तुम्ही ओघात लिहून गेलात त्या ‘नंतर सांगते’पाशी मी थांबले आहे. हात धुऊन, भांडी घासून, झाकपाक झाल्यावर, मघाशी सगळे कशावर हसले ते सांगायला तुम्ही तिच्यापाशी किती वेळा बसलात? तुम्ही मनाने वाईट नाही, हे पत्रावरून कळते. पण त्या ‘नंतर’ची वेळ तुमच्या घरात बहुधा कधीच आली नसावी.

ऐकणारे मूल घरातले निम्मे शहाणपण कुणी न शिकवता, नुसते कानावर पडून शिकते. बाग यंदा कराराने का दिली, आत्या गणपतीला का आली नाही, वडील कर्जाचे नाव निघताच का गप्प होतात, हे त्याला कुणी समोर बसवून सांगत नाही. तुमच्या मुलीने त्याच पंगतीत इतकी वर्षे काढली आणि तिच्या वाट्याला फक्त ‘जेव’, ‘ये’, ‘यंत्र लाव’ एवढेच आले. यंत्र लावले म्हणजे ऐकू येते, असे समजू नका. ते आवाज मोठा करते. चौघे एकदम बोलू लागले आणि त्यात भांडी वाजली की शब्द निवडून हातात देत नाही. ओठ वाचावेत, तर ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ ओठांवर अगदी सारखे दिसतात. त्यात बोलणाऱ्याच्या तोंडात भाताचा घास असेल आणि पावसामुळे वीज गेलेली असेल, तर त्या मुलीने काय वाचायचे?

तिने लपवले असे तुम्हांला वाटते, मला तसे वाटत नाही. महत्त्वाचे बोलणे नंतर करायचे असते, हे ती तुमच्याच घरात शिकली. त्या कोल्हापूरच्या मुलाशी ती हातांनी बोलत असेल, आणि तिथे तिला एकदाही ‘काय म्हणाले?’ असे विचारावे लागत नसेल. ऐकणाऱ्या मुलाचे स्थळ आणून तुम्ही तिला आणखी एका अशाच पंगतीत बसवू पाहता आहात, याचा मला राग येतो, आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही.

मुलांची धास्ती मात्र उडवून लावण्यासारखी नाही. दोघांच्या बहिरेपणाची कारणे वेगळी असतील, तर मूल ऐकणारे असण्याचीच शक्यता अधिक असते. दोघांतही कनेक्सिन २६ या जनुकाचाच दोष असेल, तर मुलेही बहिरी होऊ शकतात. रक्ततपासणी करून जनुकीय सल्लागार हे सांगू शकतो. तो सल्ला घ्यायचा की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचे आहे. समजा मूल कर्णबधिर झाले, तरी तुमच्यासारखी अडीच वर्षे कुणी थांबायचे कारण नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत यंत्र व भाषेचे काम सुरू, असा आता दंडक आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवून काही मिनिटांत होणारी ही तपासणी आहे. (टाळी वाजवून पाहणे ही तपासणी नव्हे; वाऱ्याच्या झुळकीने किंवा हाताच्या सावलीनेही बाळ दचकते.) आणि त्या बाळाला एक गोष्ट मिळेल जी तुमच्या लेकीला मिळाली नाही: पहिल्या दिवसापासून त्याच्याशी पूर्ण भाषेत बोलणारे आईवडील.

तुमच्या पत्रात घरातले कुणी खुणांची भाषा शिकल्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश चित्रफितींच्या रूपात मोबाइलवर पाहायला मिळतो. तरीही मी तुम्हांला कोशापासून सुरुवात करायला सांगणार नाही, कारण तुमची शिक्षिका घरातच आहे.

आज रात्री तिला दिव्याखाली, सगळ्यांचे चेहरे दिसतील अशा जागी बसवा. टीव्ही बंद करा. एका वेळी एकानेच बोलायचे, असे यजमानांनाही सांगा. कुणी हसले की जेवण थांबवून, का हसले ते तिला तिथल्या तिथे, येईल तसे, खुणेने किंवा कागदावर लिहून सांगा; त्यात भात निवला तर निवू द्या. मग तिला त्या मुलाबद्दल विचारा, आणि तिचे हात थांबेपर्यंत ताटाकडे पाहू नका.