वाचकांचे प्रश्न : वाहिनी सोलापूरची, बातम्या मुंबईच्या

प्रश्न : आमच्याकडे केबलवर रात्री अर्धा तास सोलापूरच्या बातम्या लागायच्या. कुठल्या भागात पाणी कधी सुटणार, महापालिकेच्या सभेत काय झालं, सगळं कळायचं. आता त्याच नंबरवर एका मोठ्या वाहिनीचा लोगो दिसतो आणि सोलापूर नावापुरतं येतं. केबलवाला म्हणतो, टाय-अप झालंय. हे चालतं का?
– एक प्रेक्षक, अशोक चौक

उत्तर : तुमच्या नंबरवर नेमकं काय झालंय, त्यावर ते अवलंबून आहे. दोन शक्यता आहेत.

पहिली शक्यता अशी, की एमएसओने, म्हणजे शहरातल्या केबलवाल्यांना सिग्नल देणाऱ्या कंपनीने, तो नंबर स्थानिक वाहिनीकडून काढून उपग्रह वाहिनीला दिला. उपग्रह वाहिनीकडे केंद्राची परवानगी असते, त्यामुळे तिला यादीत घेण्यात गैर काही नाही. त्याबद्दल ती एमएसओला कॅरेज फी देते. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, या फीला मर्यादा घातली आहे : वाहिनीला ग्राहकामागे महिन्याला जास्तीत जास्त २० पैसे. ५०,००० बॉक्स धरले तरी एका वाहिनीचे महिन्याला १०,००० रुपयेच होतात. म्हणून मोठा व्यवहार बहुधा 'मार्केटिंग'च्या वेगळ्या करारात होतो. गावातली वाहिनी तिथे टिकत नाही.

दुसरी शक्यता जास्त अडचणीची. नंबर स्थानिक वाहिनीचाच आहे, पण तिच्यावर मोठ्या वाहिनीचे कार्यक्रम दाखवले जातात. हे नियमात बसत नाही. केबलच्या स्थानिक वाहिनीला सरकारी भाषेत 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हणतात. तिच्याबद्दलच्या ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की तिच्यावरचा मजकूर त्या एमएसओच्या ग्राहकांपुरताच असावा. परवानगीप्राप्त उपग्रह वाहिन्या आणि दूरदर्शन त्या व्याख्येतच येत नाहीत. पडद्यावर 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' अशी पट्टी दिसली पाहिजे आणि बॉक्सच्या मार्गदर्शिकेत या वाहिन्यांचा गट वेगळा हवा. रिमोटवरचं गाइडचं बटण दाबून तुमचा नंबर कोणत्या गटात आहे ते बघा. कोणती शक्यता खरी, ते दोन मिनिटांत कळेल.

एमएसओ 'जागा नाही' म्हणाला, तर ते सहज मान्य करू नका. एमएसओ एकूण जितक्या वाहिन्या दाखवू शकतो, त्याच्या ५ टक्क्यांपर्यंत स्थानिक वाहिन्या चालतात, ती मोजणी राज्य पातळीवर होते, आणि जिल्ह्यातल्या मजकुरासाठी आणखी २ वाहिन्यांची मुभा आहे. नोंदणीचं शुल्क वाहिनीमागे एकदाच १,००० रुपये. खर्च नोंदणीचा नाही, वार्ताहर, कॅमेरा आणि संकलनाचा असतो. तोच वाचवण्यासाठी असे करार होतात.

सोलापूर नावापुरतं का येतं, त्याचा हिशेबही सोपा आहे. तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, म्हणजे अर्ध्या तासात ६. उरली २४ मिनिटं. जिल्हे ३६. समान वाटले तर जिल्ह्याला ४० सेकंद, आणि समान कोण वाटणार? त्यात अपघात किंवा मंत्र्याचा दौरा बसतो, पाण्याचं वेळापत्रक बसत नाही.

प्रश्न : बार्शीत आमचं छोटं वृत्त-युनिट आहे : दोन कॅमेरे, तीन माणसं. केबलला रोजचं बातमीपत्र देतो. एका उपग्रह वाहिनीने विचारलं आहे, की तुमचं फुटेज आम्हाला द्या, आमचं नाव आणि आमचा लोगो असलेला माइकचा बूम वापरा. करारात काय लिहून घ्यावं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : फुटेज जरूर द्या. उपग्रह वाहिनी ही वितरक नव्हे, त्यामुळे तिला कच्चं फुटेज दिल्याने केबलवरच्या मजकुराची अट मोडत नाही. तेच तयार बातमीपत्र दुसऱ्या एमएसओला दिलंत, तर मात्र मोडते. ही गफलत फार होते. बातमीपत्र एकच असतं आणि गावात दोन नेटवर्क असतात.

करारात सगळ्यात आधी पैशाची पद्धत बघा. 'बातमी लागली तर पैसे' हे कलम दिसायला साधं, पण तुमचं वार्तांकन वाकवणारं तेच आहे. मुंबईच्या डेस्कला बार्शीतून खून, पूर, बिबट्या आणि व्हायरल व्हिडिओ हवे असतात. बाजार समितीतला तुरीचा भाव त्यांना नको. तीन महिन्यांत तुमचा माणूस पोलीस ठाण्याबाहेरच मुक्काम ठोकतो आणि नगरपालिकेची सभा रिकामी जाते. म्हणून ठरावीक मासिक मानधन मागा, आणि त्यांनी सांगून करवून घेतलेल्या कामाचे वेगळे पैसे.

दुसरं, मिनिटं. 'बातम्यांना योग्य स्थान दिले जाईल' या वाक्याला काडीची किंमत नाही. आठवड्याला किमान किती मिनिटं, कोणत्या वेळेत, आणि ती न दिल्यास काय, हे आकड्यात लिहून घ्या.

तिसरं, हक्क. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. वाहिनीच्या छापील मसुद्यात मात्र 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' असं असतंच. तिथे खोडून 'बातमीसाठी वापराचा परवाना, मालकी युनिटकडे' असं करून घ्या. नाहीतर उद्या तुमचंच दहा वर्षांपूर्वीचं फुटेज तुम्हाला वापरता येणार नाही. 'फक्त आम्हालाच' ही अट आली तर ती दोन तासांपुरती ठेवा.

चौथं, कायदेशीर जबाबदारी. मसुद्यात सगळी नुकसानभरपाई तुमच्या माथी मारलेली असते. फुटेज खरं आहे, तारीख-ठिकाण बरोबर आहे, एवढीच हमी द्या. मथळा, निवेदन आणि पट्टीवरचा मजकूर मुंबईत लिहितात, त्याचं उत्तर त्यांनीच द्यावं.

जाहिरातीचं टार्गेट घेऊच नका. घ्यावंच लागलं, तर ते काम बातमी करणाऱ्या माणसाकडे देऊ नका. ज्याच्याकडून सकाळी जाहिरात आणायची, त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी कशी करणार?

आणि हमखास विसरलं जातं ते यूट्यूब चॅनेल. ते वाहिनीच्या नावाने काढलं आणि मूळ मालक म्हणून त्यांचा ईमेल राहिला, तर करार संपताच सगळे प्रेक्षक त्यांच्याकडे जातात. चॅनेल स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर काढा, त्यांना फक्त व्यवस्थापकाचा अधिकार द्या. करार मोडायला दोन्ही बाजूंना ६० दिवसांची सूचना पुरे.

कामाचं तंत्र थोडक्यात : फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम. पाठवायच्या प्रतीवर लोगो, पट्टी, संगीत काही नको. मूळ आवाज ठेवा. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि पडद्यावर चौकोन दिसतात. लिंक किंवा एफटीपी (फाइल थेट सर्व्हरवर पाठवायची सोय) वापरा. बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर प्रतिक्रिया, देणाऱ्याचं नाव आणि पद फाइलसोबत लिहून द्या, नाहीतर तिकडे सभापतींचा उपसभापती होतो.

प्रश्न : आम्हाला अमेरिकेतली 'अॅफिलिएट' पद्धत शिकवली. ती आपल्याकडे का नाही?
– वृत्तविद्येची विद्यार्थिनी, केगाव

उत्तर : कारण आपल्याकडे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून टीव्ही दाखवण्याचा हक्क फक्त दूरदर्शनला आहे. अमेरिकेत गावागावात स्वतंत्र परवान्याची स्टेशनं आहेत. ती एनबीसी, सीबीएस, एबीसी किंवा फॉक्स या देशभराच्या नेटवर्कशी करार करून त्यांचे कार्यक्रम घेतात आणि उरलेल्या वेळात आपल्या बातम्या देतात. अशा स्टेशनला 'अॅफिलिएट' म्हणतात. एकेकाळी नेटवर्क स्टेशनला पैसे द्यायचं. आता केबलकडून मिळणाऱ्या फीमधला वाटा स्टेशनच नेटवर्कला देतं.

करार बदलला की स्थानिक बातमीचं काय होतं, याचं चांगलं उदाहरण १९९४ चं. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे प्रसारण हक्क मिळवल्यावर फॉक्सने न्यू वर्ल्ड या कंपनीची १२ स्टेशनं आपल्याकडे ओढली. फॉक्स रात्री दोनच तास कार्यक्रम देई, बाकीची तीन नेटवर्क तीन तास. सकाळही रिकामी. ती जागा या स्टेशनांनी स्थानिक बातम्यांनी भरली, म्हणजे करार बदलून बातम्या वाढल्या. उलट डेट्रॉइटमध्ये जुनं स्टेशन फॉक्सकडे गेल्यामुळे सीबीएसला बातम्यांची परंपरा नसलेलं ६२ नंबरचं स्टेशन घ्यावं लागलं आणि तिथे वर्षानुवर्षं धड स्थानिक बातमीपत्र उभं राहिलं नाही. जॅक्सनविलच्या डब्ल्यूजेएक्सटी या स्टेशनने २००२ मध्ये सीबीएस सोडलं आणि बातम्यांवरच तग धरला. मायामीच्या डब्ल्यूपीएलजीने ऑगस्ट २०२५ मध्ये एबीसी सोडताना तोच मार्ग धरला.

अभ्यासाला घ्यायचं तर नेटवर्कचं नाव बाजूला ठेवा आणि दिवसाचे किती तास स्टेशनच्या हाती उरतात ते मोजा. दुसरी गोष्ट मालकीची. २०१८ मध्ये सिंक्लेअर कंपनीने आपल्या डझनावारी स्टेशनांच्या निवेदकांकडून एकच मजकूर वाचून घेतला होता. ती स्टेशनं वेगवेगळ्या नेटवर्कशी जोडलेली होती, तरी शब्द तेच.

प्रश्न : सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचं थेट चित्रण दोन केबल नेटवर्कना एकदम देता येईल का? सोबत कन्नड आणि तेलुगू निवेदन द्यायचा विचार आहे.
– एक चित्रणकार, बाळीवेस

उत्तर : येईल. धर्मस्थळांवरून होणाऱ्या थेट चित्रणाला मजकूर न वाटण्याच्या नियमातून सूट आहे. भाषेचं बंधन नाही. पूर्व भागासाठी तेलुगू निवेदन दिलंत तर उत्तमच. फक्त मध्येच बातमीपत्र घुसवू नका, ती सूट बातमीला नाही.

प्रश्न : आमच्या यंत्रमाग कारखान्याबद्दल चुकीची बातमी आधी केबलवर आणि मग उपग्रह वाहिनीवर लागली. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.
– एक उद्योजक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : दोन तक्रारी वेगवेगळ्या करा. उपग्रह वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय देणं त्यांना बंधनकारक आहे. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य असेल तिथे जा. त्यांना ६० दिवस असतात. त्यानंतर केंद्र सरकार.

केबलसाठी मात्र जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे अर्ज द्या. केबल कायद्याप्रमाणे ते अधिकृत अधिकारी आहेत. अर्जात वाहिनीचा नंबर, तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ लिहा. एमएसओने स्थानिक वाहिनीचं ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवायचं असतं. ते जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्याच आठवड्यात करा आणि पोच घ्या. ९१ व्या दिवशी 'पुसलं गेलं' म्हणाले, तर तुमच्या हाती ती पोचच उरेल.