सोनोग्राफीत ओव्हरीमध्ये २२ मिलिमीटरची ‘सिस्ट’ आली आहे, हा आजार समजावा का?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय २६ आहे, पाळी नियमित आहे, ओटीपोटात दुखले म्हणून केलेल्या सोनोग्राफीत उजव्या ओव्हरीत २२ मिलिमीटरची साधी ‘सिस्ट’, म्हणजे पाणी भरलेला फुगा, आढळली, आणि मागच्या वर्षी दोन्ही ओव्हरी नॉर्मल असताना आता काय बिघडले, हे तुम्हाला कळत नाही. मी दादरला सोनोग्राफी करणारी डॉक्टर आहे आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला वाटते की बहुधा काहीही बिघडलेले नाही. मात्र तपासणी पाळीच्या कितव्या दिवशी झाली, हे तुमच्या प्रश्नात नाही, आणि त्यावाचून ओव्हरीचे चित्र नीट वाचता येत नाही.

अंडाशय म्हणजे ओव्हरी ही गर्भाशयाच्या दोन बाजूंना असलेली, साधारण ३ सेंटिमीटर लांबीची, बदामाच्या आकाराची ग्रंथी आहे. ती बंधांनी सैलसर धरलेली असल्याने थोडीफार सरकते, कधी गर्भाशयाच्या मागेही सापडते. तिला शोधताना आम्ही ओटीपोटाच्या भिंतीलगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांचा माग काढतो. लांबी, रुंदी आणि जाडी यांच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणून तिचे आकारमान काढतात, आणि पाळी येण्याच्या वयात ते सहसा १० मिलिलिटरच्या आत असते. ओव्हरीचा रक्तवाहिन्या असलेला मधला भाग पडद्यावर किंचित उजळ दिसतो, तर स्त्रीबीजे असलेली फॉलिकल, म्हणजे द्रवाने भरलेल्या छोट्या पिशव्या, बाहेरच्या थरात असतात. द्रव पडद्यावर काळा दिसत असल्यामुळे ती काळ्या ठिपक्यांसारखी उमटतात.

पाळीच्या पहिल्या काही दिवसांत दोन्ही ओव्हरींमध्ये २ ते ९ मिलिमीटरची अनेक फॉलिकल दिसतात. एफएसएच या संप्रेरकाच्या प्रभावाने त्यांतले बहुधा एकच पुढे सरकते, १० मिलिमीटर ओलांडल्यावर दिवसाला सुमारे २ मिलिमीटरने वाढते, आणि बाकीची मागे पडून विरून जातात. हे वाढते फॉलिकल इस्ट्रोजेन तयार करते, त्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होते, आणि इस्ट्रोजेन पुरेसे चढले की एलएच हे दुसरे संप्रेरक एकदम उसळते. त्यानंतर साधारण ३६ तासांनी, फॉलिकल १८ ते २५ मिलिमीटरचे असताना, ते फुटून बीज बाहेर पडते. म्हणजे तुमची तपासणी बाराव्या-तेराव्या दिवशी झाली असेल, तर २२ मिलिमीटरची ती ‘सिस्ट’ हे त्या महिन्याचे पिकलेले फॉलिकलच असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. फॉलिकल फुटण्याच्या सुमारास एका बाजूला दुखणे हेही पुष्कळ जणींना होते, आणि ती बाजू दर महिन्याला तीच असेल असे नाही. वंध्यत्वाच्या उपचारांत ज्याला फॉलिक्युलर स्टडी म्हणतात, तो या वाढीचाच मागोवा असतो. १९८६ साली परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, त्या उपचारातही योग्य वेळी बीज मिळवण्यासाठी फॉलिकलची वाढ जोखणे मोलाचे असते.

बीज बाहेर पडल्यावरचे चित्र अनेकींना अधिक घाबरवते. रिकाम्या फॉलिकलच्या जागी कॉर्पस ल्युटियम तयार होते; त्याची भिंत जाड व वेडीवाकडी असते, आत रक्त साकळल्याने जाळीसारख्या रेषा दिसतात, रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या कलर डॉपलरवर भोवती रक्तप्रवाहाचे कडे उमटते, आणि गर्भाशयामागे थोडे पाणीही साचलेले असू शकते. हे सारे नैसर्गिक आहे. कॉर्पस ल्युटियम प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करते आणि गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांत आक्रसून जाते.

पाळी येण्याच्या वयात पातळ भिंतीचा, आत निव्वळ पाणी असलेला, ३ सेंटिमीटरपर्यंतचा फुगा नॉर्मल मानला जातो, आणि रिपोर्टमध्ये त्याला ‘सिस्ट’ लिहून तरुण मुलीच्या घरच्यांना काळजीत पाडू नये, असे माझे ठाम मत आहे. रजोनिवृत्तीनंतर हा हिशेब बदलतो, त्यामुळे तुमच्या आईचा किंवा मावशीचा रिपोर्ट याच मापाने तोलू नका.

फुगा ५ सेंटिमीटरहून मोठा असेल किंवा त्यात घट्ट भाग दिसत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. तुम्हाला खात्री हवी असेल तर दोन-तीन महिन्यांनी, पाळीच्या पाचव्या ते सातव्या दिवसादरम्यान पुन्हा सोनोग्राफी करून घ्या आणि शेवटच्या पाळीची तारीख फॉर्मवर लिहा. फॉलिकल असेल तर ते तोवर गेलेले असते; चॉकलेट सिस्ट (जुने रक्त साचलेली गाठ) किंवा डर्मॉइड (चरबी, केस असलेली गाठ) असेल तर ती तिथेच दिसते. पोटावरून तपासणी असेल तर मूत्राशय भरलेले लागते, पण कल्याण-विरारहून लोकलने यायचे असेल तर घरूनच पाणी पिऊन निघू नका, केंद्रावर पोहोचून प्या. मधल्या काळात एका बाजूला अचानक असह्य दुखून उलट्या होऊ लागल्या, तर ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी सोनोग्राफीच्या तारखेची वाट न पाहता केईएम, सायन, नायर किंवा जवळच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्र असली तरी लगेच जा.