आजोबांच्या पेटीतली जुनी पितळी मूर्ती आणि शिवराई (तांब्याचं जुनं नाणं) परदेशातल्या लिलावात विकता येईल का? (पुणे)
परदेशात नाही, भारतात विकता येईल. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने १०० वर्षांहून जुनी मूर्ती किंवा नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मूर्तीची फोटोसह नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते, आणि घेणारा व्यापारी परवानाधारक हवा. शिवराईला ही नोंदणी लागत नाही. पण झिजलेल्या शिवराया जुन्या बाजारातही दिसतात, तेव्हा फार मोठ्या किमतीची आशा नको. आणि कृपा करून ती चिंचेने घासू नका! तांब्यावरचा जुना थर गेला की संग्राहक पाठ फिरवतात. मूर्तीचा देवघरातला जुना फोटो, वाटणीपत्र असं काही असेल तर जपून ठेवा. वस्तू कुठून आली हे चांगले लिलाववाले आधी विचारतात.