मृत्यूला काळा झगा नको

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या ग्रुपने ‘एव्हरीमॅन’ हे जुनं इंग्रजी नाटक टीव्हीसाठी तासाभराचं करायला घेतलंय. त्यात पात्रं म्हणजे मैत्री, नातेवाईक, संपत्ती, सत्कर्म अशीच. चॅनेलवाले म्हणतात लोकांना कळणार नाही, साधी नावं द्या, मृत्यूला काळा झगा द्या आणि चर्चचा भाग उडवा. काय करू?
— एक वाचक, परळ

उत्तर : झगा आधी रद्द करा. स्टेजवर लांबून चालतो, टीव्हीच्या क्लोजअपमध्ये तो गॅदरिंगचा ड्रेस वाटतो. मृत्यू इथे देवाचा निरोप्या आहे, हिशेबाची वही घेऊन चल एवढंच सांगायला आलेला, आणि एव्हरीमॅन, म्हणजे नाटकाचा नायक, तुमच्या-आमच्यासारखा कुणीही माणूस, त्याला हजार पौंड देतो म्हणतो, पुढे ढकल म्हणतो, तरी तो घेत नाही. साध्या शर्टातला माणूस, चपला दाराबाहेर काढून आलेला, आवाज न चढवता बोलणारा, मला तरी हाच जास्त भीतीदायक वाटतो.

लोकांना कळणार नाही हे मला अजिबात पटत नाही. नाथांच्या भारूडातला विंचू म्हणजे काम-क्रोध हे कीर्तनाला बसलेल्या आजीला कधी समजवावं लागलं का? आणि नाथ 16व्या शतकातलेच, त्याच शतकाच्या सुरुवातीला हे नाटक इंग्लंडमध्ये छापलं गेलं. मैत्रीला ‘सचिन’ केलंत की तो एक वाईट मित्र होतो, गोष्ट त्याच्यापुरतीच राहते. माणसं रोजची दाखवा, हाक मात्र ‘मैत्री’ अशीच मारू द्या.

एव्हरीमॅन या शेवटच्या वाटेवर सोबत मागत फिरतो, आणि सगळा जीव आहे तो कोण कधी सोडून जातं यात. मैत्री आधी नरकात पण येईन म्हणते आणि पहिली तीच पळते, मग नातेवाईक, चुलतभाऊ तर पायाच्या बोटात गोळा आलाय म्हणतो (हे मूळ नाटकातच आहे, कापू नका प्लीज), मग संपत्ती. पण दुसरी फेरी त्याहून जास्त लागते, तिला भरपूर वेळ द्या : कबर बघून सौंदर्य जातं, मग बळ, विवेक, शेवटी पंचेंद्रियं, म्हणजे आता स्वतःचंच सगळं सोडून चाललंय. माझ्या वडिलांचं शेवटचं वर्ष मी जवळून बघितलं, आधी चेहरा उतरला, मग पायातलं बळ गेलं, मग कुणाशी काय बोलावं ते, शेवटी शेवटी हाक मारली तरी ऐकू येईना, अगदी याच क्रमाने, त्यामुळे हा भाग मी कोरड्या डोळ्यांनी वाचूच शकत नाही.

चर्च उडवता येणार नाही. सत्कर्म जमिनीवर पडलेलं असतं, पापांनी जखडलेलं, आणि एव्हरीमॅनने कन्फेशन, म्हणजे चर्चमधली पापांची कबुली, दिल्यावरच ते उठून उभं राहतं, ते काढलं तर उठणार कसं? त्यापेक्षा गोष्ट गिरगावात खोताच्या वाडीतल्या ईस्ट इंडियन घरात ठेवा ना, बोली मराठी, धर्म ख्रिस्ती, काहीच ओढूनताणून वाटणार नाही. धर्मगुरूंची थोरवी सांगणारं लांबलचक भाषण तेवढं कमी करा.

शेवटी कबरीत सोबत फक्त सत्कर्म जातं, ज्ञान कडेला थांबतं आणि त्याला देवदूतांचं गाणं ऐकू येतं. कॅमेरा आत नेऊ नका, ज्ञानाच्या शेजारीच उभा ठेवा. नंतर एक विद्वान येऊन तात्पर्य सांगतो, ते मात्र खुशाल कापा.