डावी सीट रिकामी ठेवू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रात्री दोनला घरातून निघतोस, कशेडीचा जुना घाट चढून पोलादपूरच्या अंगाला उतरतोस आणि तसाच परत येतोस. तेवढा वेळ डोकं शांत असतं, असं लिहिलंयस. मित्र म्हणतो, गाड्यांच्या रॅलीत उतर, परदेशात फौजींना हाच इलाज करतात. डॉक्टर म्हणतात, गोळ्या घे आणि बोलायला येत जा. आणि तू मला विचारतोस, काका, खरं कुणाचं?

दोघांचंही खरं आहे. पण तुझ्या चार पानी पत्रात त्या गाडीत तुझ्या शेजारी बसलेला माणूस मला कुठे सापडला नाही. तळीयेच्या दरडीखालच्या चिखलाबद्दल एक ओळ लिहिलीस आणि पुढच्याच ओळीत टायरांवर गेलास. ती उडी माझ्या ओळखीची आहे. मी ती वीस वर्षं मारली.

रॅली काय असते ते आधी नीट समजून घे. रस्ता बाकीच्या वाहतुकीला बंद केलेला असतो. गाडीत लोखंडी पिंजरा, अंगावर पट्टे, डोक्याला हेल्मेट, आणि डाव्या सीटवर नॅव्हिगेटर. आदल्या दिवशी दोघांनी मिळून तो रस्ता सावकाश पाहिलेला असतो, वळणन् वळण वहीत उतरवलेलं असतं. मग शर्यतीत तो वाचत जातो: ‘शंभर, उजवं चार, लगेच डावं दोन, आत कापू नको.’ शंभर म्हणजे मीटर, आणि पुढचे आकडे वळण किती तीव्र ते सांगतात. पुढचं वळण तुला दिसतसुद्धा नसतं, आणि त्या आवाजावर भरवसा ठेवून तू गाडी टाकतोस. डोकं शांत होतं ते यामुळे. हात, पाय, डोळे, कान सगळे एकाच कामाला लागतात, मागचं आठवायला फुरसत उरत नाही. वेग घाटातही मिळतो, पण तो आवाज घाटात कुठून आणणार?

तुझ्या मित्राने सांगितलेली परदेशातली गोष्ट खरी आहे. ब्रिटनमध्ये मिशन मोटरस्पोर्ट नावाची संस्था २०१२ पासून जखमी आणि आजारी फौजींसाठी हे काम करते. वेल्समधल्या अँगलसीच्या ट्रॅकवर नोव्हेंबरात त्यांची बारा तासांची शर्यत असते. रविवारी सकाळी ती मध्येच थांबवतात, गाड्या उभ्या करतात, आणि लढाईत गेलेल्यांच्या आठवणीत सगळेजण पिट लेनमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या पट्ट्यात, उभे राहतात. मग उरलेली शर्यत पुन्हा सुरू. एका गाडीला आळीपाळीने चालवणारे बरेच जण. आणि तिथे येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवर बसत नाही बरं. कुणी पाने फिरवतो, कुणी टायर बदलतो, कुणी वेळ मांडतो, आणि यातून कित्येकांना पुढे गाड्यांच्या धंद्यात नोकरी मिळते. एकट्याने रात्री ट्रॅकवर गाडी पळवा आणि बरे व्हा, असं तिथे कुणी सांगत नाही. मित्राने तुला अर्धीच गोष्ट सांगितली.

आता एक कडू सांगतो. तुझ्या दुखण्याला, पीटीएसडीला, म्हणजे भयंकर काही पाहिल्या-भोगल्यावर मनात रुतून बसणाऱ्या आजाराला, अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत १९८० साली जागा मिळाली. त्याच यादीत २०१३ साली एक लक्षण वाढवलं: बेफाम, स्वतःच्या जिवावर उठणारं वागणं. म्हणजे ज्याला तू औषध समजतोस, ती तुझी रात्रीची घाटफेरी दुखण्याचाच भाग असू शकते. रागावू नकोस. दिवसा १०८ च्या अ‍ॅम्ब्युलन्सवर लोकांचे जीव सांभाळून नेणारा पोरगा रात्री समोरच्या ट्रकवाल्याचा जीव टांगणीला लावतो, हे तुलाही पटत नसणार, म्हणून तर पत्र लिहिलंस. बोगदा झाल्यापासून घाट मोकळा असतो म्हणे! मोकळ्या घाटात दरीत गेलास तर सकाळपर्यंत कळायचंसुद्धा नाही कुणाला.

मला हे कसं कळलं ते सांगतो.

१९९९ च्या जूनमध्ये, कारगिलच्या लढाईत, मी द्रासकडे दारूगोळ्याचा ट्रक नेत होतो. शत्रूला डोंगरावरून रस्ता उघडा दिसायचा, म्हणून रात्री, दिवे बंद करून चालवायचं. माझा जोडीदार गुहागरकडचा. तो डाव्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकायचा आणि चाकाकडे बघून बोलत राहायचा: ‘दोन हात जागा आहे. दीड हात. थांब. आता ये.’ रात्रभर तोच एक आवाज. रॅलीच्या वह्या मी पुढे पाहिल्या, पण नॅव्हिगेटर म्हणजे काय ते मला त्या काळोखात कळलं.

घरी आल्यावर मी दापोलीला गॅरेज टाकलं, तो गुहागरला वडाप चालवायला लागला. एका श्रावणात रात्री त्याचा फोन आला. झोप नाही, बुलेट काढतोय, वेळणेश्वरपर्यंत जाऊन येतो, येतोस का? मी म्हटलं, दाभोळची शेवटची फेरीबोट सुटली रे, रविवारी बघू. सकाळी तो रस्त्याच्या कडेच्या गटारात सापडला, बुलेट त्याच्या अंगावर.

फेरी खरंच सुटली होती. पाऊसही होता. झोप न येणं म्हणजे आजार असतो, हे तोवर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी गेलो असतो तरी तो थांबला असता असं नाही, तो हट्टी होता. हे सगळं मी पंधरा वर्षं स्वतःला सांगतोय आणि त्यात एक अक्षर खोटं नाही. पण खेड-चिपळूणवरून रस्ता होता. तीन तास लागले असते. गॅरेजमध्ये त्या रात्री चार गाड्या उभ्या होत्या. आणि तो फोनवर ‘येतोस का’ म्हणाला होता. डावी सीट रिकामी आहे, हेच तो सांगत होता, आणि मी त्याला फेरीचं वेळापत्रक सांगितलं.

म्हणून तुझ्यावर ओरडतोय. डावी सीट रिकामी ठेवू नकोस. कुणालाही बसव, पण बसव.

मला सावरायला काय उपयोगी पडलं ते ऐक, कारण तुझी सुरुवात तिथूनच व्हायला हवी. टीएसडी रॅली, म्हणजे वेळ, वेग आणि अंतराचा हिशोब. वेग आयोजक ठरवून देतात, तोही बेताचाच, आणि ठरल्या मिनिटाला ठरल्या जागी पोचायचं. उशीर झाला तर दंड, लवकर पोचलास तरी दंड. तुझी काकू रोडबुक, म्हणजे आयोजकांनी दिलेली रस्त्याची वही, घेऊन शेजारी बसली. पहिल्याच टप्प्यात मी सवयीने पुढे पळालो. तिने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, ‘थांबवा. पावणेदोन मिनिटं आहेत अजून.’ करवंदीच्या जाळीपाशी इंजिन चालू ठेवून आम्ही बसलो. स्टिअरिंगवर माझी बोटं पांढरी पडलेली. तिने ती एकेक करून सोडवली आणि विचारलं, ‘श्वास का धरून ठेवलाय तुम्ही?’ लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि द्रासचं नाव मी तिच्यासमोर पहिल्यांदा तिथे काढलं. जेमतेम दोन वाक्यं. मग ती म्हणाली, ‘चला, वेळ झाली.’

त्यानंतर सहा महिन्यांनी मी डॉक्टरकडे गेलो. तू आधीच गेलायस, माझ्यापेक्षा शहाणा आहेस. गोळ्या सोडू नकोस. गोळ्यांनी झोप किंवा गुंगी येते का, त्या घेऊन स्टिअरिंगवर बसायचं की नाही, हे डॉक्टरांनाच विचार आणि ते म्हणतील तेच कर. रात्री दोनला हात किल्लीकडे गेला तर आधी १४४१६ लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ती पण डावी सीटच समज.

नोकरी सोडून रॅलीच करू का, असं शेवटी विचारलंयस. नको. रॅलीवर पोट भरणारे आपल्याकडे हातावर मोजण्याइतके, आणि गाडी एकदा पलटी झाली की दोन वर्षांचा पगार गेला. आणि कर्द्याच्या पुळणीवर गाडी फिरवून व्हिडिओ काढायचं जे चाललंय तुमच्या मित्रांचं, ते आधी बंद करा. भरतीत गाडी रुतते, मग बाहेर काढायला मलाच फोन येतात.

रविवारी सकाळी सातला ये. आमच्या सड्यावर जुन्या चिरेखाणीचा दीड किलोमीटर कच्चा रस्ता आहे, मालकाला विचारून ठेवलंय. माझी जुनी जिप्सी काढू. पहिले चार दिवस तू डावीकडे बसायचंस, वही घेऊन, आणि मला वळणं सांगायचीस. स्टिअरिंग मागू नकोस. आईलाही आण. तिला गाडी लागते म्हणालास, तर येताना आल्याची वडी घेऊन ये. हेल्मेटं तीन काढून ठेवतो.

तुझा,
काका