ध्यान आणि चळवळ: सुरुवात करताना

ध्यान आणि सामाजिक चळवळीचं काम दोन्ही एकत्र करायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. आत्ता थोडंच सांभाळा.

रोज दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष द्या. चळवळीच्या बैठकीत कोणी मुद्दा खोडला की आधी जबडा आवळतो, कान तापतात. ते वेळीच जाणवलं तर समोरच्याचं वाक्य पुरतं ऐकून घेता येतं. सजगतेचा, म्हणजे आत्ता आत-बाहेर काय चाललंय ते जाणीवपूर्वक पाहण्याचा, खरा उपयोग इथेच, आणि तो मोठा आहे.

पण तिच्याकडून भलतं मागू नका. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत सुरू केलेला सजगतेचा कार्यक्रम रुग्णांचा ताण आणि वेदना हलक्या करण्यासाठी होता. थकलेल्या मजुरीवर उपाय म्हणून कामगारांना ध्यान शिकवणं हा मात्र अन्यायच. तिथे संघटना लागते, वाटाघाटी लागतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- राग दाबणं. तो कशामुळे आला ते पाहा. पुष्कळदा तो खरं सांगतो.
- ‘आधी शांत होतो, मग काम’ म्हणत थांबणं. व्हिएतनाम युद्धात बौद्ध भिक्खू थिच न्हात हान यांचे तरुण सहकारी बॉम्बने उद्ध्वस्त झालेली गावं पुन्हा उभी करत होते आणि साधनाही करत होते.
- सहकाऱ्यांना बळेच ध्यानाला बसवणं.

ध्यानाची लांबलचक शिबिरं वगैरे सध्या राहू द्या. येत्या बैठकीला मात्र जाच.